गोंडी संभाषणाचा अल्पमुदतीचा वर्ग : निवड कशी करावी?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगढ आणि दक्षिणेस गडचिरोली अशा सीमा लाभलेल्या या जिल्ह्यात कार्यालयाची भाषा मराठी, बाजाराची पुष्कळशी हिंदी आणि घरची भाषा मात्र गावागणिक निराळी आढळते. पोवारी, छत्तीसगढी, हलबी, लोधी आणि गोंडी या साऱ्या येथे कमीअधिक प्रमाणात कानी पडतात. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखाद्या गोंडीभाषक टोल्यावर नेमणूक झालेल्या शिक्षकास अथवा परिचारिकेस पहिल्या आठवड्यातच जाणवते की, आपले मराठी गावातील कर्त्या पुरुषांना समजते. पण चुलीपाशी बसलेल्या आजीला आणि पहिलीत आलेल्या मुलाला ते अर्धेच समजते. अशा वेळी अल्पमुदतीचा सघन भाषावर्ग हा मार्ग सुचतो. तो कोणी भरवावा हा प्रशासनाचा प्रश्न आहे. कोणता वर्ग निवडावा, त्यात काय असावे व त्यापासून किती अपेक्षा धरावी, याचा विचार मात्र शिकणाराने व त्याला पाठविणाऱ्या संस्थेनेही करावयास हवा.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. घटनेच्या अनुच्छेद ३५० क अन्वये भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी उपलब्ध करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावयाचा आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ यातही शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे. गोंडी माध्यमाची शाळा दूर राहो, पण मूल तहान लागली असे सांगत असता शिक्षकाला ते कळू नये, ही अवस्था तरी टाळता येण्यासारखी आहे. दुसरे उदाहरण वनहक्काचे. वनहक्क अधिनियम, २००६ च्या २००८ मधील नियमांनुसार दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन हाही एक ग्राह्य पुरावा आहे. कोणत्या नाल्यापलीकडे कोणाच्या आजोबांनी धान लावले, कोणत्या झाडाखाली देव आहे, हे म्हातारा माणूस आपल्या भाषेत पाच मिनिटे सांगतो आणि मध्यस्थ त्याचे एका वाक्यात भाषांतर करतो. नोंद होते ती त्या एका वाक्याची. उरलेल्या चार वाक्यांत कदाचित दाव्याची सीमा असते.

वर्ग निवडण्यापूर्वी पहिली गोष्ट पाहावयाची ती ही की, आपल्या गावाला खरोखर कोणती भाषा हवी आहे. गोंड समाजाची वस्ती म्हणजे गोंडी भाषा असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. अनेक गोंड कुटुंबांच्या घरात आज मराठी, हिंदी किंवा छत्तीसगढीच बोलली जाते. देवरीकडील हलबा वस्तीत जाणाराला गोंडीपेक्षा हलबीची ओळख अधिक उपयोगी पडेल आणि हलबी ही घडणीने मराठी, छत्तीसगढी व उडिया यांच्या जवळची, म्हणजे गोंडीहून सर्वस्वी वेगळ्या कुळातील भाषा आहे. तेव्हा नावनोंदणीपूर्वी दोन संध्याकाळी टोल्यावर जाऊन बायका पाणवठ्यावर आपसात काय बोलतात, आई मुलाला कोणत्या भाषेत रागावते, एवढे ऐकून घ्यावे. कोणत्याही तक्त्यापेक्षा ही पाहणी भरवशाची असते.

गोंडीच हवी असे ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो तो कोठल्या गोंडीचा. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारांची संख्या २९ लाखांवर होती आणि ही माणसे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगण इत्यादी राज्यांत विखुरलेली आहेत. साहजिकच बोलीभेद मोठे आहेत. शब्दारंभीचा ‘स’ काही भागांत ‘ह’ होतो आणि काही भागांत गळून पडतो. मिठाला कोठे ‘सोवर’, कोठे ‘होवर’ तर कोठे नुसते ‘ओवर’ म्हणतात. बैतूलच्या गोंडीवर आधारलेले पुस्तक किंवा भामरागडच्या माडियाचा वर्ग गोंदियात अगदीच वाया जाईल असे नव्हे. परंतु महिनाभराच्या शिक्षणात अशी गाळणी लावण्याइतका वेळ नसतो. शिकविणारा माणूस आपल्याच तालुक्यातला, शक्य तर शेजारच्या टोल्यातला असावा, हा नियम म्हणूनच सर्वांत वरचा समजावा. बोलीभेदाचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावयाचा असेल तर सालेकसा तालुक्यात दरेकसा स्थानकाजवळ असलेल्या कचारगडच्या यात्रेस माघ पौर्णिमेच्या सुमारास जावे. तेथे अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून कशी निघते हे दिवसभरात समजते.

किती दिवसांत किती?

‘तीस दिवसांत भाषा’ असे आश्वासन देणाऱ्या वर्गाकडे सावधपणे पाहावे. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांना थाईसारखी भाषा कामापुरती यावी म्हणून तेथील प्रशिक्षण संस्था सुमारे ४४ आठवडे व १,१०० तासिका लागतील असे धरते. आपल्याकडे म्हैसूर येथील भारतीय भाषा संस्थान १९६९ मध्ये स्थापन झाले. त्याच्या प्रादेशिक केंद्रांतून शिक्षकांसाठी चालत आलेले भाषावर्ग दहा महिन्यांचे आहेत. याउलट चार आठवडे, आठवड्यास सहा दिवस आणि दररोज चार तास धरले तरी ९६ तास होतात. त्या १,१०० तासांचा हा अकरावा हिस्साही नाही. मराठी माणसाला गोंडीत अनेक मराठी-हिंदी शब्द ओळखीचे भेटतात ही सवलत मान्य केली तरीही ९६ तासांत भाषण करता येणार नाही. नाव-गाव विचारणे, दुखते कोठे हे समजून घेणे, मुलाला बसविणे-उठविणे, बाजारात भाव करणे आणि ‘पुन्हा सांगा, सावकाश सांगा’ अशी विनंती करणे, एवढे निश्चित साधते. हे थोडे नाही.

परंतु हे तास कोणाच्या तोंडी जातात हे पाहिले पाहिजे. एका तासात अर्धा वेळ शिक्षकाचा गेला, तर उरलेल्या तीस मिनिटांत बारा प्रशिक्षणार्थींपैकी प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. सबंध वर्गात मिळून ती चार तास होतात. तोच वर्ग चाळीस जणांचा असेल तर प्रत्येकाला सव्वा तासापेक्षाही कमी बोलावयास मिळते आणि बाकीचा वेळ वहीत उतरवून घेण्यात जातो. आपल्याकडील प्रशिक्षणे सभागृहाच्या आसनसंख्येवरून ठरविण्याची जी पद्धत आहे, ती भाषावर्गाला तरी लावू नये. बारापेक्षा मोठा वर्ग असल्यास गट पाडले जातात काय व प्रत्येक गटापाशी एक गोंडीभाषक व्यक्ती बसते काय, हे आधी विचारून घ्यावे.

शिकवावे कोणी आणि काय?

व्याकरण समजावून सांगणारा एक आणि बोलणारा एक, अशी जोडी असलेला वर्ग उत्तम. दोहोंपैकी एकच मिळत असेल तर बोलणारा निवडावा. त्याला, किंवा अधिक वेळा तिला, मानधन मिळावे आणि ते व्याख्यात्याच्या मानधनाहून कमी असू नये. या बाबतीत एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. १९४३ मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद भागात मार्लवाई या खेड्यात, मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र सुरू झाले. आरंभीची गोंडी वाचने तेथे देवनागरीत छापली गेली, कारण त्या भागातील जे थोडे गोंड साक्षर होते त्यांना मराठी वाचता येत होते. भाषा जाणणाऱ्यालाच शिकविणारा करावयाचे, हे त्या योजनेचे मर्म होते.

पाठ्यक्रमाची परीक्षा त्याच्या पहिल्या चार-पाच पाठांवरून होते. पहिल्या दिवशी वर्णमाला आणि दुसऱ्या दिवशी विभक्ती असेल तर तो वर्ग परीक्षार्थींसाठी आहे असे समजावे. उलट ‘नावा’ (माझे), ‘निवा’ (तुझे), ‘परोल’ (नाव), ‘बाता’ (काय), ‘हिल्ले’ (नाही), ‘येर’ (पाणी), ‘रोन’ (घर), ‘नार’ (गाव) अशा रोजच्या शब्दांनी वाक्ये सुरू होत असतील तर वाट बरोबर आहे. मोजणीही लवकर यावी: उंडी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग, सारुंग, येडुंग. ज्याला थोडी तेलुगू येते त्याला ‘नालुगु’ व ‘एडु’ आठवून गंमत वाटेल, कारण गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे.

आणि येथेच मराठी माणसाची खरी अडचण सुरू होते. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे, गोंडीत दोनच. पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया, जनावरे व वस्तू सगळे दुसऱ्या बाजूला. क्रियापदावरून ‘कोणी पुरुष आला’ एवढे कळते. पण बाई आली, गाय आली की एसटी आली हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. आरोग्य सेविकेने ‘आली’ या अर्थाचे रूप ऐकून घाईने निष्कर्ष काढू नये! मोजतानाही हाच भेद पाळावा लागतो. दोन बाया किंवा दोन बैल मोजताना ‘रंड’ चालते, पण दोन पुरुषांना ‘इर्वुर’ आणि तिघांना ‘मुवुर’ म्हणतात. कुटुंब सर्वेक्षण करणाराला हे पहिल्याच आठवड्यात यावयास हवे. असा भाग चांगला वर्ग सूत्र पाठ करवून शिकवीत नाही; समोर बसलेली माणसे व अंगणातली जनावरे मोजावयास लावून शिकवितो. पुस्तकी व्याकरणाची गरज पडलीच तर ते आहे. बैतूलच्या गोंडीचे व्याकरण १९१९ मध्ये चेनेव्हिक्स ट्रेंच या सनदी अधिकाऱ्याने लिहिले आणि ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडातही (१९०६) गोंडीचे नमुने आहेत. ते नंतर सावकाश पाहावे.

लिपीविषयी अनेकदा विचारणा होते. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. संगणकासाठीच्या युनिकोडमध्ये तिचा समावेश २०१७ मध्ये झाला. आदिलाबादकडील गुंजाळा गोंडी लिपीही २०१८ मध्ये त्यात आली. समाजाच्या अभिमानाचा हा विषय आहे आणि प्रशिक्षणार्थीला त्याची माहिती असावी. तथापि एका महिन्यात बोलणे साधावयाचे असेल तर ते तास लिपीवर खर्च करू नयेत. टिपणे देवनागरीत घ्यावीत आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वर काळजीपूर्वक लिहावेत. मात्र कागदापेक्षा कानावर भर द्यावा. प्रत्येक पाठाचे ध्वनिमुद्रण मोबाइल संचावर घेण्यास वर्गात मुभा आहे काय, हा साधा प्रश्न निवडीच्या वेळी पुष्कळ काही सांगून जातो.

हंगाम पाहून वर्ग

शिक्षकांच्या सोयीने असे वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवले जातात. परंतु मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपत्ता असल्याने टोल्यावरील माणसे पहाटेच रानात गेलेली असतात. पावसाळ्यात धानाच्या रोवणीत कोणाला उसंत नसते. धानाची कापणी-मळणी आटोपल्यापासून मोहफुले पडू लागेपर्यंतचा काळ गावाच्या दृष्टीने सर्वांत मोकळा. शिक्षकांना तेव्हा महिनाभर सोडणे शक्य नसल्यास वर्ग दोन भागांत विभागावा: सुट्टीत दोन आठवडे पाठ आणि हिवाळ्यात दोन आठवडे टोल्यावर मुक्काम. उन्हाळ्यातच सारे उरकावयाचे असेल तर सकाळचे तास वर्गात घ्यावेत आणि संध्याकाळी, तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बायका अंगणात बसतात तेव्हा, पाने मोजण्यास हात लावीत गप्पा ऐकाव्यात. आठवडी बाजार हाही वर्गाचाच भाग समजावा.

मुक्कामाची व्यवस्था नसलेला वर्ग, मग तो कितीही नामांकित संस्थेचा असो, आमच्या मते दुय्यम समजावा. मुक्काम म्हणजे आश्रमशाळेच्या खोलीत बारा जणांनी एकत्र राहून आपसात मराठी बोलणे नव्हे. एकेका घरी एकच प्रशिक्षणार्थी असावा आणि त्या घराला जेवणाखाण्याचा खर्च रोख द्यावा. येथे ग्रामपंचायतीचे सहकार्य लागते. कोणती घरे तयार आहेत हे सदस्यांनी आधी विचारून ठेवावे आणि त्यांत म्हातारी माणसे असलेले घर अवश्य असावे, कारण सर्वांत स्वच्छ गोंडी बहुधा तेथेच ऐकावयास मिळते.

वर्गाच्या शेवटी प्रमाणपत्र कशावर मिळते तेही पाहावे. लेखी प्रश्नपत्रिकेने संभाषण मोजता येत नाही. प्रशिक्षणार्थीने टोल्यावरील अनोळखी वृद्धाशी दहा मिनिटे बोलावे, काय समजले ते मराठीत सांगावे आणि ते बरोबर आहे की नाही हे त्या वृद्धानेच ठरवावे. दुभाष्या म्हणून शेजारी घरातील शाळकरी नातवंड बसविले तरी काम भागते.