शर्टावरचं हिरवं पान

प्रश्न : यवतमाळमध्ये 'पर्यावरणपूरक कापूस' असं लेबल लावलेला शर्ट घेतला. आमच्या घाटंजीकडे तर जिकडेतिकडे बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेला कापूसच. मग हा कापूस कुठला?

उत्तर : शंका रास्त आहे. लेबलवर हिरवं पान छापायला शाईशिवाय काही लागत नाही! लेबल 'बेटर कॉटन' या कापूस-मानकाचं असेल तर त्यात बीटी चालतो. शिवाय हिशेब बहुधा 'मास बॅलन्स'चा : तेवढ्या 'बेटर कॉटन'ची खरेदी कागदावर जुळली की झालं, तुमच्या शर्टातला धागा तोच असेल असं नाही. सेंद्रिय म्हटलं की मात्र बीटी बाद. तिथे 'गॉट्स' या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राच्या खुणेजवळ परवाना क्रमांक शोधा. ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'पर्यावरणपूरक'सारखे मोघम दावे पुराव्यानिशी सिद्ध करणं कंपनीवर बंधनकारक आहे. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. बिल, लेबल जपून ठेवा.