बारभाईंचा सेनापती : हरिपंत फडके

शिक्षक मित्रांनो, मराठ्यांच्या इतिहासात पानिपत संपलं की आपण फार वेळ थांबत नाही. नारायणरावांचा खून, बारभाई, इंग्रजांशी तह, झालं! मीही असंच उरकायचो. पण एकदा वर्गात एका पोराने विचारलं, "सर, पेशवा तं पाळण्यात होता, मंग फौजेले हुकूम कोन देये?" प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर हरिपंत फडक्यांच्या चरित्रात सापडतं.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले आणि काका रघुनाथराव पेशवे झाले. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील वगैरे कारभाऱ्यांनी एकत्र येऊन नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंच्या नावाने कारभार हाती घेतला. हेच बारभाई. म्हणजे एका बाजूला गादीवर बसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला मंडळ. इंग्लंडमध्येही १६४२ पासून राजा विरुद्ध पार्लमेंट असं घरातलंच युद्ध झालं होतं आणि पार्लमेंटच्या फौजेचा सेनापती फेअरफॅक्स होता. आपल्याकडे ती जागा हरिपंतांची. फरक एवढाच की हरिपंत स्वतः मंडळातही होते.

मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला बारभाईंचे सरदार त्रिंबकराव पेठे हरले आणि जखमांनी गेले. फौजेची धुरा हरिपंतांकडे आली. समोर कोण? अटकेपर्यंत गेलेले राघोबादादा! ज्यांच्या हाताखाली लढलो त्यांच्यावरच चालून जायचं. शिंदे-होळकरही सुरुवातीला कधी इकडे, कधी तिकडे. १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि बारभाईंना नाव घ्यायला धनी मिळाला. राघोबा बऱ्हाणपूरकडे, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या उशाशीच आले. तिथून माळवा, मग गुजरात, आणि मागे हरिपंत. फेब्रुवारी १७७५ मध्ये मही नदीकाठी हरिपंतांनी त्यांना हरवलं. राघोबा सुरतेला पळाले आणि मार्चमध्ये इंग्रजांशी तह करून बसले. घरातलं भांडण बाहेरच्याच्या ओट्यावर गेलं. मे महिन्यात अडासला इंग्रजांची फौज हरिपंतांसमोर आली. मराठे मागे हटले, पण इंग्रजांचीही माणसं बरीच पडली.

आता आपल्या भागाचं. पोरांना पुणं लांब वाटतं, म्हणून मी नागपूरकर भोसल्यांपासून सुरुवात करतो. जानोजी १७७२ मध्ये वारले आणि साबाजी-मुधोजी हे दोघे भाऊ एकमेकांवर उठले. अकोल्याजवळ कुंभारीला दोघांच्या फौजा भिडल्या. साबाजी बारभाईंकडे, मुधोजी राघोबांकडे. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला साबाजी मारले गेले, तेही मुधोजींच्या हातून. हे सांगितलं की वर्ग एकदम चूप होतो. धुऱ्यावरून काका-बाबांत कोर्ट चाललेली घरं आमच्या वर्गात आहेतच. अशा वेळी कोणाच्या घरचं नाव निघू देऊ नका, हे अनुभवाने सांगतो.

सालबाईचा तह १७८२ मध्ये झाला आणि राघोबांचा दावा संपला. ते कोपरगावला राहायला गेले, पुढच्याच वर्षी वारले. हरिपंत मात्र लढतच राहिले. बदामीला टिपूविरुद्ध, नंतर १७९२ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत, आणि तिथे तर इंग्रजांच्याच बाजूने! १७९४ मध्ये सिद्धटेकला त्यांचं निधन झालं. अष्टविनायकाला जाणाऱ्या पालकांनी तिथे लेकरांना त्यांचं नाव जरूर सांगावं. देवळाकडे जाणारी वाट त्यांनीच बांधली असं तिथे सांगतात.

पाठानंतर मी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो : तुम्ही हरिपंत असता, तर तान्ह्या बाळाच्या नावाने दादासाहेबांवर चालून गेला असता का? मागच्या वेळी वर्ग अर्धा-अर्धा झाला आणि मधली सुट्टी झाली तरी भांडण मिटलं नाही.