आधी भोक मोज

जव्हार

चि. भाच्यास,

तुझं पत्र मिळालं. जुन्या बास गिटारचा ब्रिज गंजलाय, ई तारेची किल्ली सूर धरत नाही, आवाजाचं बटण फिरवलं की खरखरतं, म्हणून सगळंच हार्डवेअर काढून टाकायचं आणि नावाजलेल्या कंपनीचं बसवायचं, असा तुझा बेत आहे. बेत वाईट नाही. वाद्य आपल्या हाताला बसेल असं करून घेणं हा वाजवणाऱ्याचा हक्क आहे. पण पत्रात तू पाच कंपन्यांची नावं लिहिलीस आणि माप एकही लिहिलं नाहीस, तिथे मी थांबलो. सुटा भाग शोधायचा म्हणजे माप शोधायचं. नाव त्यानंतर येतं, आणि पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही. हे तुला पटावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या हातातलं वाद्य मुळात स्क्रूवर उभं आहे. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडरने प्रिसिजन बास बाजारात आणली, तेव्हा त्याने नेक बॉडीला डिंकाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी आवळली. ब्रिज स्क्रूवर, किल्ल्या स्क्रूवर, पिकअप स्क्रूवर. बिघडलेला भाग काढावा, दुसरा लावावा, वाद्य पुन्हा कामाला लागावं, हाच त्यामागचा विचार. आज जगभर बासचे सुटे भाग मिळतात ते याच विचारामुळे. पण हा विचार एका अटीवर चालतो: नवा भाग जुन्याच्या भोकांत बसला पाहिजे. इथेच घोळ होतो, कारण बासच्या जगात मापाच्या दोन भाषा आहेत. अमेरिकन पद्धतीचे भाग इंचात बनतात. आशियातल्या कारखान्यांतून येणाऱ्या स्वस्त वाद्यांचे, म्हणजे आपल्याकडे जास्त करून दिसतात त्यांचे, भाग बहुतेक मिलिमीटरमध्ये. दोन्ही बास लांबून सारख्या दिसतात. फरक कळतो तो स्क्रू हातात घेतल्यावर.

किल्लीचंच बघ. जुन्या फेंडर धाटणीच्या किल्लीला हेडस्टॉकमध्ये सुमारे साडेसतरा मिलिमीटरचं भोक लागतं. नव्या धाटणीच्या अनेक किल्ल्यांना चौदा मिलिमीटरच्या आसपास पुरतं. साडेतीन मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, लाकडात तो डोंगराएवढा असतो. मोठ्या भोकात बारीक किल्ली बसवायची झाली तर मधे धातूचं कडं घालता येतं, आणि उद्या मन बदललं तर ते कडं काढताही येतं. लहान भोकात मोठी किल्ली घालायची तर लाकूड कोरावं लागतं, आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून किल्ली काढ, भोक समोरून मोज, मागूनही मोज, कारण काही हेडस्टॉकची भोकं दोन्ही बाजूंनी सारखी नसतात. मागच्या पट्टीच्या स्क्रूंची भोकं कुठे आहेत तेही लिहून ठेव. मोजायला शाळेची पट्टी चालणार नाही. व्हर्निअर कॅलिपर लागेल. एखाद्या वर्कशॉपवाल्याकडून तासाभरासाठी मागून आण. पण हे सगळं करायच्या आधी जुनी किल्ली एकदा नीट तपास. स्क्रू ढिला झाला असेल, तार खुंटावर एकच वेढा घेऊन बसली असेल, तरीही सूर उतरतो. खरखरणाऱ्या बटणाचंही तसंच. आतल्या पॉटमध्ये धूळ आणि ओल शिरलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवलं की पुष्कळदा खरखर जाते. पॉट बदलावाच लागला, तर त्याच्या मानेची जाडी बघ: इंचाच्या पद्धतीत ती साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास असते, लहान पॉटची सात किंवा आठ. दांड्याचंही बघ. सव्वासहाहून किंचित मोठ्या, पाव इंची दांड्याचं बटण सहा मिलिमीटरच्या दांड्यावर घातलं तर ते सैल बसतं.

ब्रिजविषयी तू लिहिलंस की जाड, वजनदार ब्रिज लावला की आवाज भरदार होतो आणि सूर लांबतो. हे पुष्कळ लोक सांगतात आणि त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण माझं मत असं की नव्या तारांनी जेवढा फरक पडतो त्याच्या पासंगालाही हा फरक पुरत नाही. आणि त्यासाठी तू जे पणाला लावतोस ते जास्त मोलाचं आहे. जाड पट्टीचा ब्रिज तारा वर उचलतो. मग तारा जिच्यावर टेकतात ती सॅडल पूर्ण खाली बसवूनही तारा उंच राहतात आणि नेकच्या सांध्यात पाचर घालायची वेळ येते. दुसरं, दोन तारांमधलं अंतर. चार तारांच्या बासला ब्रिजवर ते साधारण एकोणीस मिलिमीटर असतं. नवा ब्रिज त्याहून रुंद निघाला तर काठावरची तार दाबताना फ्रेटबोर्डवरून घसरते, आणि पिकअपच्या खांबांवरून ताराही सरकतात. तिसरं, जागा. तुझी बास 34 इंचांची असेल तर नेकच्या वरच्या टोकाच्या नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 17 इंच भरतील आणि सॅडल त्याच्या दुपटीच्या किंचित मागे बसलं पाहिजे, जाड ई तारेचं सर्वांत मागे. नव्या ब्रिजची सॅडल तेवढी मागे सरकत नसतील, तर वरच्या फ्रेटवर बास कायम बेसूर बोलेल. मग कितीही नामांकित कंपनीचा शिक्का असला तरी त्याचा काय उपयोग? चारही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो, आणि तो ब्रिजच्या त्या चार-पाच स्क्रूंवर येतो. जुन्या भोकांपासून दोन मिलिमीटरवर नवी भोकं पाडलीस तर दोन्ही भोकं एकमेकांत फुटतात आणि स्क्रू धरायला लाकूडच उरत नाही.

ब्रिज उचलशील तेव्हा त्याच्याखाली एक बारीक, सोललेली तार दिसेल. ती कचरा समजून कापू नकोस. बॉडीतल्या भोकातून येऊन ती ब्रिजच्या पोटाला टेकलेली असते आणि सगळ्या तारांना जॅकच्या अर्थिंगशी जोडते. हात तारांवर ठेवला की घुमणं कमी होतं ते तिच्यामुळे. नवा ब्रिज बसवताना ती तार धातूला नीट टेकेल अशी दाबून बसव. त्याच वेळी आणखी एक गोष्ट, आणि ही मी तुला बजावून सांगतो: तारांना अर्थिंग मिळालं म्हणजे तू सुरक्षित झालास असं नाही. मांडवात जनरेटरवर, किंवा अर्थिंग नसलेल्या बोर्डावर अॅम्प लावला, एका हातात बास आणि ओठ माइकला, तर हीच तार झटक्याची वाट होऊ शकते. तिसरी पिन तोडलेला प्लग वापरू नकोस. बोर्डाचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घे. ब्रिजपेक्षा हे आधी.

आता तुझे आक्षेप. तू म्हणशील, नामांकित कंपनीच्या भागाची माहिती नीट छापलेली असते, स्वस्त भागावर धड मापही नसतं. हे खरं आहे. म्हणूनच छापील माप वाच, पण ते तुझ्या भोकाशी ताडून बघ. नाव तुझं वाद्य मोजत नाही. तू म्हणशील, माल घरपोच येतो आणि नाही बसला तर परत करता येतो. येतो, पण चुकीचा भाग परत पाठवून दुसरा मागवायला तुझ्या मोखाड्यासारख्या ठिकाणी आठवडे जातात, तोवर वाद्य उघडंच पडून असतं. आणि एकदा स्क्रू मारून बघितलास की परतीचा मार्गच बंद होतो. तू असंही म्हणशील की भोक मोठं करायला ड्रिल आहे, घट्ट करायला फेव्हिकॉल आणि टूथपिक आहेत. मोकळ्या झालेल्या स्क्रूच्या भोकात फेव्हिकॉल लावून टूथपिक ठोकणं, सुकू देणं आणि मग स्क्रू मारणं, हा उपाय चांगला आहे, मीही तो सांगीन. पण तो झिजलेल्या भोकासाठी आहे. चुकीच्या जागी पाडलेल्या भोकावरचं ते पांघरूण म्हणून वापरू नकोस. राहिला शेवटचा आक्षेप, तो सर्वांत वजनदार: एवढी मोजमापं करण्यापेक्षा नवी बास घ्यावी. बॉडी भेगाळली असेल, नेक पिळली असेल, तर हेच कर. पण नेक सरळ आहे, फ्रेट धड आहेत, तर नव्या स्वस्त बासमध्येही तुला याच प्रतीचं हार्डवेअर मिळेल आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा इथेच येशील.

तू ज्या डोंगरात राहतोस तिथे याच गोष्टीचं एक फार चांगलं उदाहरण कानावर पडतं, म्हणून ते सांगतो. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याला सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, त्यांत बसवलेली जीभ, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा, आणि सांधे बंद करायला मधमाशीचं मेण. भोपळा कधी गोल येतो, कधी लांबट, दोन भोपळे एकसारखे निघत नाहीत. म्हणून नळी भोपळ्याला बघून कापली जाते, मेण सांध्याला बघून थापलं जातं. आपल्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारखे जे तारपा बनवतात आणि वाजवतातही, त्यांच्याकडून बासवाल्याने शिकावं ते हेच. जीभ नीट बोलली नाही तर ते भोपळा फेकत नाहीत. कुठून हवा सुटते ते शोधतात आणि तेवढंच दुरुस्त करतात. मेण गरम केलं की सुटतं, म्हणून केलेली दुरुस्ती उलटवता येते. कारखान्याच्या बासला एक मिलिमीटरची चूक खपत नाही, तारप्याला मेणाच्या थराने ती खपते, हा दोघांतला मोठा फरक. पण त्यामुळे बासवाल्याने मोजण्यात जास्तच काटेकोर राहायला हवं, कारण त्याच्याकडे मेण नाही. कुणी म्हणेल, तारपा कुठे आणि बास कुठे. मला दोन्हींत एकच गोष्ट दिसते: वाद्य आधी, भाग नंतर.

भाग कुठून आणायचे, तेही सगळे एकाच दुकानात शोधू नकोस. कॅपॅसिटर, पॉट, पाव इंची जॅक, वायर, सोल्डर हे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं सामान आहे. नाशिकला मिळतं, मुंबईला ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तर हवं ते. टोनसाठी तुझ्या बासला बहुधा 0.047 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल. पॅसिव्ह बासला पॉट साधारण 250 किलोओहमचे लागतात. बॅटरीवर चालणाऱ्या अॅक्टिव्ह पिकअपला ते फार कमी ओहमचे लागतात, दोन्हींची गल्लत करू नकोस. पट्ट्याच्या बटणांचे स्क्रू, पिकगार्डचे स्क्रू बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील, फक्त जुना स्क्रू सोबत घेऊन जा. पिकअप बदलायचं मनात आलं तर त्यातही एक खोच आहे: जॅझ बासचे दोन पिकअप दिसायला जुळे, पण नेकजवळचा सुमारे 92 मिलिमीटरचा आणि ब्रिजजवळचा सुमारे 95 चा. खाचा न मोजता दोन सारखे मागवलेस तर एक बसणार नाही. संगीताच्या दुकानातून खरं म्हणजे तुला घ्यायचे ते ब्रिज, किल्ल्या आणि नट.

आणि पाऊस विसरू नकोस. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा घाम गाळतात. सॅडलचे ते बारीक एलन स्क्रू आधी गंजतात, मग ते जागेवरून हलत नाहीत, मग माणूस पकडीने ओढतो आणि डोकं मोडतो. तुझा ब्रिज गंजलाय तो यातूनच. म्हणून ब्रिज घेताना चकाकीवर पैसे घालण्यापेक्षा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि पितळी सॅडल असलेला बघ. गंजलेले स्क्रू सोडवायचे तर रात्री शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोड, सकाळी हळूच फिरव, जोर करू नकोस. शक्य असेल तर सगळं काम दिवाळीनंतर काढ. पावसात फुगलेल्या लाकडात मारलेला स्क्रू उन्हाळ्यात ढिला होतो.

तेव्हा अजून काहीही मागवू नकोस. एका कागदावर लिहून पाठव: किल्लीच्या भोकाचा व्यास, समोरून आणि मागून, ब्रिजच्या स्क्रूंमधली अंतरं, डावीकडून उजवीकडे ओळीने, पहिल्या तारेपासून चौथीपर्यंतचं एकूण अंतर ब्रिजवर किती आणि नटवर किती, ब्रिजच्या पट्टीची जाडी, पॉटच्या मानेची जाडी, आणि नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतची लांबी. ब्रिज काढलास तर त्याखाली कागद ठेवून भोकांचा ठसा पेन्सिलीने घास आणि तोच कागद पाकिटात घाल. आकड्यांपेक्षा मला तो ठसा जास्त कामाचा आहे. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा