फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड घेताना : आधी बोल्ट पाहा

गाडी रॅलीत किंवा ट्रॅकवर पळविण्यासाठी इंजिन बांधून घेणारे गिऱ्हाईक आता शहरोशहरी गॅरेजांत येऊ लागले आहे. असे गिऱ्हाईक आल्या आल्या ‘फोर्ज्ड रॉड टाका’ म्हणून सांगते. पैसा त्याचा असतो, पण रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडली, की ब्लॉक, क्रँक, हेड सारेच भंगारात जाते आणि बोल गॅरेजवाल्याला लागतो. म्हणून या खरेदीची माहिती गॅरेज आणि लेथ चालविणाऱ्या आपल्या बांधवांना असली पाहिजे.

फोर्ज्ड म्हणजे घडीव. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात ओततात, ते ओतकाम. पुण्याजवळ मुंढव्याच्या भारत फोर्जसारख्या कारखान्यात लाल झालेला पोलादी ठोकळा डायमध्ये दाबून घडवितात, ते फोर्जिंग. यात पोलादाची रेष लाकडाच्या रेषेप्रमाणे रॉडच्या आकाराबरोबर वळते आणि माल चिवट होतो. पण बहुतेक गाड्यांचे कंपनीचे मूळ रॉडही घडीवच असतात, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. तेव्हा ‘फोर्ज्ड’ एवढ्या शब्दाला पैसे मोजू नयेत. पोलाद कोणते, हीट ट्रीटमेंट काय केली आणि बोल्ट कोणते, हे तीन प्रश्न विचारावेत.

चांगले रॉड बहुधा 4340 या निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे असतात. आपल्याकडे लेथवाल्यांच्या ओळखीचे ईएन 24 हे त्याच जातीचे, जवळचे पोलाद आहे. तंतोतंत तेच नव्हे.

आता रॉड का तुटतो ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की इंजिनाची ताकद वाढली की रॉड तुटतो. हे अर्धेच खरे आहे. 1994 ते 2007 या काळात विकल्या गेलेल्या मारुती एस्टीमचे 1298 सीसीचे इंजिन घ्या. बोअर 74 मि.मी., स्ट्रोक 75.5 मि.मी. पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून 400 ग्रॅम धरू. 6000 आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला थबकून खाली वळतो, त्या क्षणी रॉडवर सुमारे 800 किलोंचा ताण येतो. 8000 आरपीएमला तोच ताण 1400 किलोंच्या वर जातो. फेरे एक तृतीयांशाने वाढले, ताण मात्र पाऊणपटीहून अधिक वाढला, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो.

उलट पेट घेतलेल्या वायूचा दाब रॉडला खाली ढकलतो. दर चौरस सेंटिमीटरला 60 किलो दाब धरला, तर याच पिस्टनवर अडीच हजार किलोंहून जास्त भार येतो. आकडा मोठा असला तरी हा भार दाबण्याचा आहे आणि तो रॉडचा दांडा झेलतो. ताण ओढण्याचा असतो आणि बिग एंडची कॅप धरून ठेवणारे असतात फक्त दोन बोल्ट. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर पिस्टनवर उलट दाब देणारा वायूही नसतो. जास्त फेऱ्यांच्या इंजिनात घात होतो तो बहुधा तेथेच.

म्हणून बोल्ट आधी पाहावेत. अमेरिकन एआरपी कंपनीच्या बोल्टांत 8740 हा एक दर्जा आणि 2000 हा त्याच्या वरचा. 7000 च्या पुढे जाणाऱ्या इंजिनाला वरचा दर्जा घ्यावा. डब्यावरच्या नावावर न जाता बिल देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यावेत. बोल्ट आवळताना टॉर्क पान्यावर सर्व भिस्त ठेवू नये. तेलाचा प्रकार बदलला की त्याच टॉर्कला बोल्ट कमी-अधिक ताणला जातो. बोल्टची लांबी आवळण्यापूर्वी आणि नंतर मोजून, मेकरच्या कागदावर लिहिलेली वाढ आली की नाही हे पाहणे खात्रीचे. ही वाढ थोड्या थाऊंचीच, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांचीच असते; त्यासाठी स्ट्रेच गेज लागतो. ते घेण्यात कंजुषी नको.

आय सेक्शन की एच सेक्शन, यावर गॅरेजांतून फार वाद चालतो. माझ्या मते नवख्याने त्यात पडू नये. दोन्ही आकारांचे उत्तम रॉड आहेत आणि दोन्ही आकारांचे टाकाऊही. टर्बो लावायचा असेल तर जाड दांड्याचा रॉड घ्यावा. टर्बोविना फेरेच वाढवायचे असतील तर हलका रॉड आणि त्याहून हलका पिस्टन यांचा उपयोग जास्त. आणि गाडी रोजच्या वापराची असेल, तर मूळ रॉड तपासून नव्या बोल्टांवर बसवावेत, हे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. मात्र बोल्ट बदलले की बिग एंडचे भोक पुन्हा मोजून होन करून घ्यावे लागते, कारण नव्या आवळणीने त्याचा गोलपणा बदलतो. नव्या गाड्यांतील कित्येक रॉडची कॅप तोडून वेगळी केलेली असते. तिचा सांधा घासायचा नसतो.

ऑर्डर देण्यापूर्वी पिनचा व्यास, भोकापासून भोकापर्यंतची लांबी आणि बिग एंडची रुंदी मूळ रॉडवरून मोजून लिहून घ्यावी. एक अडचण पुष्कळांना ऐन वेळी कळते. मूळ पिन दाबून बसविलेली असते आणि नव्या रॉडला पितळी जातीचा बुश असतो. अशा वेळी पिस्टनला सर्कलिपची खाच हवी. नसेल तर पिन सरकून सिलिंडर खरवडते.

संच हाती आला की चारही रॉड काट्यावर घालावेत. नुसते पूर्ण वजन पुरत नाही. बिग एंड आणि स्मॉल एंड वेगवेगळे तोलावेत आणि फरक एका ग्रॅमच्या आत असावा. नवा असला तरी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घ्यावी. बेअरिंगची फट पिनच्या दर इंच व्यासाला साधारण एक थाऊ ठेवतात. सिलिंडरचा नंबर टाकायचा तर बिग एंडच्या बाजूला हलक्या हाताने टाकावा. दांड्यावर पंच मारू नये, कानस फिरवू नये. चीर तेथूनच सुरू होते. शेवटी प्लग न लावता क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून रॉड ब्लॉकला किंवा सिलिंडरच्या खालच्या कडेला कोठे घासत नाही ना, हे पाहूनच संप बंद करावा.