जुनी पिकअप, पहिली गाडी : एक अभ्यास

‘जुने ते सोने’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती गाडीच्या बाबतीत कितपत खरी आहे, हे तपासण्याची वेळ गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर आली. माझ्या वयाचे बहुतेक मित्र मोटारसायकलचे स्वप्न पाहतात. मला मात्र एका जुन्या पिकअपने वेड लावले. ती घ्यावी की न घ्यावी हे ठरविताना जे पाहिले, वाचले आणि हिशेबाने काढले, ते सहाध्यायी मित्रांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण शेतकऱ्यांच्या घरांतून येतात. त्यांना याचा थोडाफार उपयोग व्हावा.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या टोमॅटो बाजारापासून २२ किलोमीटर अंतरावर आहे. आमचे दीड एकर टोमॅटो असतात. माल भाड्याच्या टेम्पोने जातो. टेम्पो उशिरा आला की बाजार उतरतो आणि तोडणीची मजुरीही अंगावर पडते. शेजारच्या गावातील एका गृहस्थांची पिकअप विकायची आहे असे कळले, तेव्हा मी आणि वडील (त्यांना आम्ही अण्णा म्हणतो) ती पाहायला गेलो. गाडी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती. गोल दिवे, जाड पत्र्याचा हौदा, दोन हातांनी उचलावा लागणारा फाळका. मला ती पाहताक्षणीच आवडली. किंमत १,२०,००० रुपये ठरली. दोन उन्हाळ्यांत द्राक्षबागेत आणि रोपवाटिकेत काम करून मी ४५,००० रुपये साठविले होते. उरलेल्या रकमेसाठी आईची बोरमाळ तारण ठेवायची असे घरात ठरले. अण्णांनी ५,००० रुपये इसार देऊनही टाकला.

पिकअपचा पूर्वेतिहास

पिकअप हे मूळचे अमेरिकन शेतकऱ्याचे वाहन. सुरुवातीला तेथील शेतकरी मोटारीच्या मागच्या भागावर स्वतःच लाकडी पेटी बसवून घेत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीने २५ एप्रिल १९२५ रोजी आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच मागे लोखंडी हौदा बसवून ती २८१ डॉलरला विक्रीस काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७-४८ च्या सुमारास शेव्हरोले आणि फोर्ड यांनी नव्या धर्तीच्या पिकअप आणल्या. आज हौशी लोक ज्या गाड्या जपून ठेवतात, त्यांत या काळातील गाड्यांना मोठा मान आहे.

अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी काही मर्यादा घालून वाहन चालविण्याचा परवाना मिळतो. कॅन्सससारख्या शेतीप्रधान राज्यात तर शेतीच्या कामासाठी चौदाव्या वर्षीही मर्यादित परवाना मिळू शकतो. त्यामुळे आजोबांची किंवा शेजाऱ्याची जुनी पिकअप ही तेथील खेड्यांतल्या अनेक मुलांची पहिली गाडी ठरते. शिडीसारखी मजबूत चासी, मागे पाटे, साधे इंजिन आणि बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा, यामुळे ती घरी दुरुस्त करता येते. मुलगा गाडी चालवायला शिकतो, तसाच ती उघडून बसवायलाही शिकतो.

पण या गाड्यांची दुसरी बाजूही आहे. मोटारीच्या धडकेत आत दबणारा स्टेअरिंगचा दांडा आणि एक नळी फुटली तरी दुसरीवर चालणारे दुहेरी ब्रेक अमेरिकन गाड्यांत सर्रास आले ते १९६७ च्या सुमारास. त्याआधीच्या गाडीत धडक बसली तर कडक दांडा सरळ चालकाच्या छातीवर येतो. नवशिक्याच्या हातात अशी गाडी देताना तेथील जाणते लोक पट्टे आणि ब्रेक आधी सुधारून घेतात, रंगाचे नंतर पाहतात.

आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि खेड्यांतल्या खडकाळ वाटांना चालणारे वाहन मिळाले. पुढे १९८८ मध्ये त्या वेळच्या टेल्कोने पुण्याहून ‘टाटामोबाईल’ ही पिकअप आणली. मात्र एक मोठा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. अमेरिकेतील मुलाची जुनी पिकअप बहुधा हौसेची असते. ती महिनाभर दुरुस्तीत पडून राहिली तरी घर अडत नाही. आमच्या घराला कमावती गाडी हवी होती.

मिस्त्रींची परीक्षा

गाडी दाखवायला आम्ही नारायणगावच्या एका वृद्ध मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “गाडी तापवून ठेवलीय. उद्या सकाळी गार असताना बघू.” जुने डिझेल इंजिन खरे बोलते ते गार असतानाच, हा माझा पहिला धडा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे तपासले, ते मी वहीत लिहून घेतले. गार इंजिन किती सेल्फमध्ये सुरू होते ते पाहावे. मग धूर पाहावा : काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी शिरते. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण उघडावे. तेथून वाफेचे भपकारे येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. घुरघुरत राहिले तर तो घसरतो आहे.

यानंतर मिस्त्री गाडीखाली शिरले. रंग वर असतो, गंज खाली असतो. पाट्यांच्या खुंट्यांपाशी आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर त्यांनी हातोडीने ठोकून पाहिले. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. एके ठिकाणी चासीवर जोड देऊन काळा रंग मारलेला निघाला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात; पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवितात, हेही तेथेच कळले. नक्षी चांगली दिसणारे मागचे टायर नऊ वर्षांचे होते. ड्रम ब्रेक उतारावर सतत दाबले तर तापून ढिले पडतात, पाण्यात भिजले की धरत नाहीत. क्रेटला २० किलो धरले तर ५० क्रेट म्हणजे एक टन माल झाला. एवढा माल मागे असताना ब्रेकच्या बाबतीत तडजोड नाही, असे मिस्त्रींनी बजावले.

त्यांचे मत असे पडले : इंजिन बरे आहे, टायर आणि ब्रेकचे काम लगेच करावे लागेल, चासीच्या जोडावर विचार करावा. अण्णांना हे पुरेसे वाटले. मला मात्र कागद पाहायचे होते.

कागदांची परीक्षा

“कागदाचं काय घेऊन बसलास? माणूस ओळखीचा आहे,” असे अण्णा म्हणाले. आमच्या घरात आजवर व्यवहार शब्दावर झाले. दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. विक्रेत्यांपुढे आर. सी. मागताना मला संकोच वाटला, हे खरे सांगतो. आपण शिकलो म्हणून वडीलधाऱ्यांवर अविश्वास दाखवितो की काय, असे मनात आले. तरी मागितले.

आर. सी. वरील नाव विक्रेत्यांचे नव्हतेच. त्यांनीही ती कोणाकडून तरी घेतली होती आणि नावावर केलीच नव्हती. मूळ मालकाच्या नावापुढे एका वित्तसंस्थेचा बोजा अजून होता. फिटनेसची मुदत संपलेली होती. शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहिले, तेथेही हेच निघाले.

ग्रंथालयात बसून मी मोटार वाहन कायदा, १९८८ चाळला. कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर. टी. ओ. ला कळविले पाहिजे. त्यासाठी नमुना २९ आणि ३० भरतात. कलम ५१ प्रमाणे बोजा असलेली गाडी वित्तसंस्थेच्या लेखी संमतीवाचून दुसऱ्याच्या नावावर होत नाही. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आर. सी. वर नाव असलेल्या मालकावर राहते, मग गाडी मधल्या काळात कितीही हात बदलो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. म्हणजे त्या मूळ मालकाच्या मानेवर अजून ही गाडी होती आणि आम्ही मात्र पैसे देऊनही तिचे मालक झालो नसतो.

वाचता वाचता कलम ४ आले. अठराव्या वर्षी गाडी चालविता येते हे मला ठाऊक होते. हलक्या वाहनाचा परवाना माझ्या खिशातच होता. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की, वीस वर्षांखालील व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी परिवहन वाहन चालवू नये. मालवाहू पिकअप हे परिवहन वाहनच. हलक्या वाहनाचा परवाना असणारा ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. त्याचा लाभ अण्णांना होता. मी एकोणीस वर्षांचा. गाडी विकत घेऊ शकत होतो, तिच्यात माल भरून नारायणगावला नेऊ शकत नव्हतो.

ते पान मी दोनदा वाचले. घरी न सांगता राहिलो असतो, तर कोणाला कळलेही नसते. आमच्या रस्त्यावर कोण वय विचारतो? पण विक्रेत्यांचे कागद मी बारकाईने वाचले होते. माझ्या विरुद्ध जाणारे कलम तेवढे गाळायचे, हे मला पटेना. रात्री जेवताना दोन्ही गोष्टी सांगितल्या. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग हिशोब पण करून बघ.”

हिशेबाची परीक्षा

अर्थशास्त्राच्या तासाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकलो होतो, तो येथे कामी आला. हंगामात आमच्या ४५ खेपा होतात. टेम्पोचे भाडे खेपेला १,००० रुपये. स्वतःच्या गाडीला जाऊन-येऊन ४४ किलोमीटरला सुमारे ४ लिटर डिझेल लागले असते. लिटरला ९० रुपये धरले तर ३६० रुपये. खेपेमागे ६४० रुपये वाचतात. ४५ खेपांचे २८,८०० रुपये झाले.

आता स्थिर खर्च. विमा १७,००० रुपये. कर, फिटनेस आणि प्रदूषण तपासणी मिळून १३,००० रुपये. पंधरा वर्षांवरील गाड्यांचे फिटनेसचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. दुरुस्तीला महिन्याला १,५०० धरले तर वर्षाचे १८,००० रुपये. दुरुस्ती खेपांबरोबर थोडी कमी-जास्त होईल, पण इतक्या जुन्या गाडीला ती उभ्या उभ्याही लागते. एकूण ४८,००० रुपये. बचतीतून ते वजा जाता वर्षाला १९,२०० रुपये तोटा. यात टायर, ब्रेक आणि बोरमाळेवरचे व्याज धरलेले नाही. तोटा भरून काढण्यासाठी शेजाऱ्यांच्या ३० खेपा तरी मारायला हव्यात. त्या कोण मारणार? अण्णा तोडणीच्या दिवसांत वावर सोडू शकत नाहीत आणि मी वीस वर्षांचा झालेलो नाही.

पुढे काय झाले

बोजा उतरवून आधी गाडी स्वतःच्या नावावर करा, मग आम्ही घेतो, असे आम्ही विक्रेत्यांना सांगितले. दोन महिने गेले, काही झाले नाही. इसारातले ४,००० रुपये परत मिळाले, १,००० गेले. मग आम्ही चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच टेम्पोवाल्याशी हंगामभराचा करार केला. रोजच्या खेपा नक्की मिळणार म्हणून त्याने भाडे खेपेला ८५० रुपये केले. आमच्या ४५ खेपांत ६,७५० रुपये वाचले आणि टेम्पो वेळेवर येऊ लागला. माझे ४५,००० रुपये बँकेत आहेत. बोरमाळ आईच्या डब्यात आहे.

ती गाडी मला अजून आवडते, हे लपवीत नाही. आषाढात मला वीस पूर्ण होतील. तेव्हा पुन्हा एखादी पिकअप पाहायला जाईन. बहुधा एवढी जुनी नाही. अण्णांनी परवा आपणहून सांगितले, “जाशील तेव्हा मिस्त्रींना मी घेऊन येतो. कागद तू बघ.”

मित्रहो, जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही आणि तिची हौस असणे हा दोषही नाही. फक्त गाडी गार असताना पाहावी, खालून पाहावी, कागदावरचे नाव वाचावे, आणि वर्षाचा खर्च मांडल्यावाचून इसार देऊ नये. यांतले पहिले दोन धडे मला मिस्त्रींनी दिले, पुढचे दोन या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आणि वर्गाने. आमच्या घराला दोन्हींची गरज होती.