हार्मोन, नाती आणि सकाळचा दुधाचा चहा

१ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं. समलिंगी जोडप्यांना विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता यावं, ही त्यातली मागणी. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हा प्रश्न संसदेचा आहे असं सांगून हात वर केले. आपलं इंदापूर याच मतदारसंघात येतं. म्हणजे विषय आपल्या दारावरून दिल्लीला जाऊन आला, पण घरात शिरला नाही. अशा घरात बारावीचा निकाल लागल्यावर मुलगी म्हणते, "मला सायकॉलॉजी घ्यायचंय. नाती, हार्मोन्स, समलिंगी माणसांचं आरोग्य यावर रिसर्च करायचाय." वडील विचारतात, "हे करून मिळणार काय?" आई विचारते, "लोकांना काय सांगायचं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी विषय काय आहे ते पाहू. जवळच्या नात्यांचा हिशेब शरीर ठेवतं, आणि तो मोजता येतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी ४२ विवाहित जोडप्यांच्या हातावर बारीक फोड आणून छोट्या जखमा केल्या. एकदा त्यांना एकमेकांना आधार देणाऱ्या गप्पा मारायला लावल्या, एकदा वादाचे विषय काढायला लावले. वादानंतर जखम भरायला सुमारे एक दिवस जास्त लागला. एरवीही एकमेकांशी कडवट वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा तर आणखी सावकाश भरल्या. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये फिलिपाइन्सच्या सेबू भागातल्या ६२४ पुरुषांचा अभ्यास आला. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन बरंच खाली आलं होतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मूल सांभाळणाऱ्यांचं तर अधिकच. पारावर बसून "बाळंतपण बाईचं, बाप्याला काय त्याचं" म्हणणाऱ्यांना हा अभ्यास वाचून दाखवायला हवा.

आता समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांचं आरोग्य. इलन मेयर या संशोधकाने २००३ मध्ये नीट मांडलं की समलिंगी लोकांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त दिसते ती समलिंगी असण्यामुळे नव्हे. सतत लपवण्याच्या, टोमणे झेलण्याच्या आणि आपल्यालाच दोष देण्याच्या ताणामुळे. २०१३ साली माँट्रियलमध्ये रॉबर्ट-पॉल ज्यूस्टर यांच्या गटाने ८७ जणांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजून पाहिलं. घरीदारी सांगून मोकळे झालेल्या समलिंगी व्यक्तींचं कॉर्टिसॉल न सांगितलेल्यांपेक्षा कमी निघालं.

माँट्रियलमध्ये कायदा पाठीशी आहे. इंदापुरात हेच निघेल का? इथे सांगून टाकल्यावर घरातला ताण कमी होईल की दुप्पट होईल? या प्रश्नावर एक अख्खी पीएचडी उभी राहते, आणि ती करायला मला इथलाच विद्यार्थी हवासा वाटतो. का, ते लाळेच्या नळीवरून कळेल.

या संशोधनात रक्त काढावं लागतंच असं नाही. कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन लाळेतही सापडतात. माणसाने एका छोट्या नळीत लाळ साचू द्यायची: उठल्याबरोबर, मग अर्ध्या तासाने, मग रात्री. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल चढतं आणि दिवसभर उतरत जातं, म्हणून वेळ काटेकोर हवी. कागदावर सोपं वाटतं. आता हीच नळी घेऊन निमगाव केतकीला किंवा भिगवणला जा. बाईने उठल्या उठल्या मिश्री लावलेली असते; हिरडीतून किंचित रक्त आलं तरी टेस्टोस्टेरॉनचा आकडा फुगतो, आणि तंबाखू कॉर्टिसॉल बिघडवते. घरात आधी दुधाचा चहा होतो, आणि दुधातली हार्मोन्स चाचणीत घोटाळा करतात. शेतीपंपाला त्या आठवड्यात रात्रीची वीज असेल तर घरचा माणूस दोन वाजता उसाला पाणी द्यायला गेलेला असतो. त्याची सकाळ नेमकी कोणती? भवानीनगरला किंवा माळेगावला गाळप सुरू असेल तर कारखान्यातला कामगार पाळ्यांमध्ये फिरतो. ऊसतोडीची जोडपी तर पहाटेच फडात असतात. गोळा केलेल्या नळ्या गोठवून ठेवायच्या, आणि वीज गेली की फ्रीजवाला संशोधक कपाळाला हात लावतो. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेल्या हुशार मुलीला हे प्रश्न विचारायचे सुचणार नाहीत. काटेवाडीच्या मुलीला न शिकवता सुचतील.

प्रश्नावलीचंही तसंच. परदेशी प्रश्नावली विचारते, "तुम्ही जोडीदारासोबत राहता का?" आपल्याकडचा माणूस बायको, दोन मुलं आणि सामायिक शेतीसह राहतो, आणि त्याचा जोडीदार टेंभुर्णीला असतो. हे लिहायला त्या कागदावर चौकटच नाही. "घरी कोणाला सांगितलंय?" यापेक्षा "लग्नाचा विषय निघाला की काय करता?" हा प्रश्न इथे जास्त माहिती देतो. असे प्रश्न तयार करणं, शंभर-दोनशे जणांवर तपासणं, संख्याशास्त्राने चाळणं, हेच पहिली काही वर्षं करायचं असतं. म्हणून बारावीत गणित सोडून पळालेल्यांना आत्ताच सांगतो: संख्याशास्त्रापासून सुटका नाही. एसवायपासूनच आकडेमोडीचं एखादं सॉफ्टवेअर हाताशी घ्या.

हे सगळं विलायती फॅड आहे असं कोणी म्हणालं तर रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव सांगा. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून वाचकांच्या लैंगिक शंकांना मराठीत उत्तरं दिली. त्यापायी खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि समलैंगिकतेवर मराठीतून सातत्याने लिहिलं. सांगलीची संग्राम संस्था तर १९९२ पासून जिल्ह्याच्या पातळीवर आरोग्याचं काम करते आहे. यातलं मराठीत जेवढं आहे तेवढं पहिल्या वर्षीच वाचून काढा.

आता मार्ग. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात मानसशास्त्र आहे. आर्ट्सला जाऊन ते घेता येतं, बारावी सायन्सच हवी असं नाही. पुढे एमएला पुण्यात विद्यापीठाचा विभाग किंवा मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), आणि पीएचडीला बेंगळुरूची निम्हान्सही. हार्मोनच्या बाजूने जायचं तर जीवशास्त्राशी मैत्री लागते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या जीवरसायनशास्त्राच्या लोकांशी ओळख वाढवा. यूजीसी-नेटमध्ये मानसशास्त्र हा विषय आहे, आणि त्यातली जेआरएफ ही संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थाही आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात; गावात ट्रॅक्टरच्या अनुदानाची बातमी पोचते तेवढ्या वेगाने ही पोचत नाही.

सगळं जुळून आलं तरी पीएचडीपर्यंत आठ-दहा वर्षं जातात. पालकांनी ही गोष्ट आधीच धरून चालावं, उगाच चौथ्या वर्षी "अजून किती?" विचारू नये. समुपदेशन आणि उपचारांकडे वळायचं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आणि एक सावधगिरी: यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. "घरबसल्या एमए सायकॉलॉजी" अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

आईच्या प्रश्नामागच्या शंका राहिल्या. यात बेकायदा काहीच नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. आजार म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. "बरं करून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. आणि विषय शिकून कोणी समलिंगी होत नाही. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्याला कॅन्सर होत नाही, तसंच. मुलगी आधीपासूनच तशी असेल, तर कॅटलिन रायन यांचा २००९ चा अभ्यास वाचा: किशोरवयात घरच्यांनी तीव्रपणे झिडकारलेल्या समलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, घरच्यांनी न झिडकारलेल्या किंवा फारसं न झिडकारलेल्यांच्या ८.४ पट होतं. घरात असं कोणी खचलेलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलतो.

ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याने मात्र या वाटेला जाऊ नये. तुमच्या प्रश्नावलीला उत्तरं देणारा माणूस उद्या चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसणार आहे. नावाऐवजी क्रमांक, संमतीपत्र कुलपात, नीतिसमितीची परवानगी, हे सगळं असतंच. पण बारामती-इंदापुरात खरी परीक्षा त्या पंगतीत होते.

राहता राहिलं नोकरीचं आणि स्थळांचं. उपजिल्हा रुग्णालयांतल्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रांत, किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये, शाळा-कॉलेजांत मानसशास्त्राच्या पदव्युत्तर मुलांना कामं मिळतात. बरीचशी कंत्राटी असतात आणि पगार सुरुवातीला बेताचा असतो, हेही सांगून ठेवतो. पण पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी काय करते?" तर "आरोग्य खात्यात समुपदेशक आहे, पीएचडी चालू आहे" एवढं पुरतं. कशावर पीएचडी, हे पहिल्या भेटीत कोणी विचारत नाही. आणि विचारणारा निघालाच, तर त्याला चहा देऊन बसवून घ्या. स्थळ चांगलं असण्याची शक्यता आहे.