नाव बांधण्याची जागा आणि वनातील प्रवेश : आगाऊ आरक्षणाचा एक पाठ

सौंसर-पांढुर्णा परिसरास समुद्र नाही. येथील पाण्याची ओळख कन्हान व जाम या नद्यांची. तथापि समुद्रावर रूढ होत असलेली एक पद्धत शेजारच्या पेंच वनातील व्यवस्थेशी मिळतीजुळती आहे. म्हणून तिचा येथे विचार करू.

शिडाची नाव भाड्याने घेऊन बेटांची सहल करणाऱ्यांस रात्री ती एका जागी स्थिर ठेवावी लागते. प्रवाळावर नांगर टाकल्यास नांगर व त्याची साखळी तळाशी घासून प्रवाळ मोडते, समुद्री गवत उपटले जाते. यासाठी तळाशी जड ठोकळा कायमचा बसवून त्यास साखळीने वा दोराने तरंगता गोळा जोडतात. एका गोळ्यास सामान्यतः एकच नाव बांधावयाची, तीही ठरावीक लांबीपर्यंतची. गोळे मोजके आणि नावा पुष्कळ. त्यामुळे प्रथम येईल त्यास जागा, या नियमाने धावपळ होते. कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन बेटांत आता काही गोळे ऑनलाइन आरक्षित करता येतात.

पेंचमध्येही तत्त्व हेच आहे. वनाने किती वाहने सोसावीत यास मर्यादा असते. म्हणून प्रत्येक प्रवेशद्वारावर प्रत्येक फेरीस वाहनांची संख्या निश्चित केलेली असते. संख्या पूर्ण झाली की दूरवरून आलेल्या कुटुंबासही परत फिरावे लागते. मुलांचा हिरमोड होतो, खर्च वाया जातो. हे टाळण्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पेंच दोन राज्यांत आहे. तुरिया, कर्माझिरी व जमतरा ही प्रवेशद्वारे मध्य प्रदेशात, तर सिल्लारी व खुर्सापार महाराष्ट्रात आहेत. दोहोंचे आरक्षण स्वतंत्र असते; एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही. तुरिया व खुर्सापार जवळजवळ असल्याने येथेच अधिक चुका होतात.

२. आरक्षण करताना दिलेले ओळखपत्रच मूळ स्वरूपात सोबत न्यावे.

३. परवान्याचे शुल्क म्हणजे संपूर्ण खर्च, असे समजू नये. वाहनभाडे व मार्गदर्शकाचे शुल्क वेगळे आहे काय, हे आधी पाहावे.

४. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात मध्य प्रदेशातील पेंचचा गाभा क्षेत्रातील प्रवेश बंद असतो. शाळेची सहल त्यानुसार आखावी.

ज्यांस संगणक वा भ्रमणध्वनी हाताळता येत नाही, त्यांना गावातील शिक्षक व सुशिक्षित तरुणांनी साहाय्य करावे. आरक्षणाची सोय केवळ जाणकारांच्याच हाती राहिली, तर वनालगतच्या माणसाला स्वतःचेच वन परके होईल. तसेच, जाणे रद्द झाल्यास वेळीच कळवावे; अडवून ठेवलेली जागा दुसऱ्या कुटुंबाच्या उपयोगी पडू शकते.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न : गोळ्यास बांधलेली नाव समुद्राचे रक्षण कसे करते? वाहनांची संख्या मर्यादित नसती, तर वनाचे काय झाले असते?